द्राक्षाच्या व्हिनेगरला नेलपॉलिशचा वास का येतो आणि ते सावरायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मार्चमध्ये पिंपळगाव बसवंतहून दहा किलो थॉम्सन द्राक्षं आणली, चुरली, सात लिटर पाणी घातलं, मोठ्या बरणीत भरून वर फडकं बांधलं आणि गच्चीवरच्या खोलीत ठेवून दिली. विकतचं यीस्ट घालायचं नव्हतं. सालीवरचं यीस्ट आणि हवेतले बॅक्टेरिया आपापलं काम करतील, असा हिशेब होता. आता अडीच महिन्यांनी वर पांढरा थर आहे, वास नेलपॉलिश रिमूव्हरचा येतो आणि चव आंबट पण पाणचट आहे. टाकून द्यावं का, आणि पुढच्या हंगामात काय बदलावं?

इतक्यात टाकू नका. आधी घडलं काय ते बघू, म्हणजे सावरायचं कसं ते आपोआप कळेल.

व्हिनेगर म्हणजे एकामागून एक होणारी दोन आंबवणं. पहिल्यात यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, आणि तिथे हवा जितकी कमी तितकं बरं. दुसऱ्यात अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिड करतात, आणि त्यांना हवा लागतेच. हे काम जिवाणू करतात हे लुई पाश्चरने १८६०च्या दशकात दाखवून दिलं. फ्रान्समधल्या ऑर्लेआँची जुनी पद्धतही हाच क्रम पाळते: तिथे पिंपात तयार वाइन घालतात, रस नाही. तुमच्या बरणीत दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून एकत्र सुरू झाली. फडक्याखालून हवा मिळाल्यामुळे अल्कोहोल तीन-चार टक्क्यांवर येताच बॅक्टेरिया कामाला लागले, त्यांच्या अ‍ॅसिडने यीस्ट मंदावलं आणि उरलेली साखर भलत्यांच्या वाट्याला गेली.

वासाचं कारणही इथेच आहे. तो वास इथिल अ‍ॅसिटेटचा. द्राक्षाच्या सालीवर जे जंगली यीस्ट असतं त्यात बहुतांश लिंबाच्या आकाराच्या पेशींचं हॅन्सेनियास्पोरा असतं. ज्याच्यावर आपली खरी भिस्त, ते सॅकरोमायसिस चांगल्या, न फुटलेल्या मण्यावर अगदी थोडं सापडतं. पहिले दोन-तीन दिवस हॅन्सेनियास्पोराचं राज्य असतं आणि ते इथिल अ‍ॅसिटेट भरपूर सोडतं. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या वर गेला की ते मागे पडतं आणि सॅकरोमायसिस पुढे येतं. आता तुमचं पाणी हिशेबात घ्या. दहा किलो द्राक्षांतून घरच्या पिळण्याने साधारण सात लिटर रस निघतो, गोडी १८ ब्रिक्स, म्हणजे साधारण १८ टक्के साखर, धरू. त्यात सात लिटर पाणी घातलं की गोडी ९ ब्रिक्सवर येते. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज मिळतो, म्हणजे जेमतेम पाच टक्के. हॅन्सेनियास्पोराला हटवणारी पातळी तुमच्या बरणीत नीट आलीच नाही.

पाणचट चवीचा उलगडाही त्याच आकड्यात आहे. एक टक्का अल्कोहोलमधून कागदावर एक टक्क्याच्या किंचित वर अ‍ॅसिड मिळतं, घरी ०.८ ते ०.९ टक्के धरावं. पाच टक्क्यांतून फार तर चार-साडेचार. त्यातून एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या खोलीत काही अल्कोहोल उडून जातो. शिवाय अ‍ॅसिटिक बॅक्टेरियाला २८ ते ३० अंश मानवतं, ३५च्या वर ते सुस्तावतात, आणि नाशिकच्या मेमध्ये स्लॅबखालची खोली ४० सहज ओलांडते.

आता समोरची बरणी. वरच्या थरावर चमच्याची पाठ हलकेच टेकवा. थर कोरडा, सुरकुत्यांचा, पिठूळ असेल आणि टेकवताच तुकडे होऊन फुटत असेल, तर ते ‘काम’ (kahm) नावाचं यीस्ट. ते घातक नाही, पण आंबटपणा कमी असल्याची ती खूण आहे. गुळगुळीत, बुळबुळीत, अर्धपारदर्शक आणि उचलला तर कातड्यासारखा एकसंध येणारा थर म्हणजे मदर, अ‍ॅसिटिक बॅक्टेरियाचा थर, हवा होता तो. आणि लोकरीसारखी लव असेल, हिरवी, निळी किंवा काळी, तर ती बुरशी. मग वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, अख्खी बरणी ओतून द्यायची.

बुरशी नसेल तर आंबटपणा मोजा. पीएच पट्टीने भागत नाही, कारण पातळ आणि जाड व्हिनेगरचा पीएच जवळजवळ सारखाच येतो. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फथॅलीन आणा. इंजेक्शनच्या सिरिंजने बरोबर १ मिली व्हिनेगर घ्या, त्यात २० मिली उकळून गार केलेलं पाणी आणि फिनॉल्फथॅलीनचे तीन थेंब घाला. मग दुसऱ्या सिरिंजने सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडत ढवळत राहा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले त्याला ०.६ ने गुणा, ते अ‍ॅसिडचं टक्क्यातलं प्रमाण. साडेआठ मिली लागले तर ५.१ टक्के. हातमोजे घाला, ते रसायन कातडी भाजतं.

अडीच-तीन टक्के आलं आणि चवीला अजून किंचित दारूचा चटका असेल, तर बरणी सावरते. चौपदरी मलमलीतून गाळा, थर आणि चोथा काढून टाका, रुंद तोंडाच्या स्वच्छ काचेच्या भांड्यात भरा आणि एकूण मापाच्या पाचवा हिस्सा जिवंत व्हिनेगर घाला. जिवंत म्हणजे न गाळलेलं, न तापवलेलं, तळाशी मदर असलेलं. बाजारात सफरचंदाचं तसं मिळतं आणि इथे ते चालतं. भांडं गच्चीवरून खाली, घरातल्या हवेशीर सावलीच्या जागी आणा. अल्कोहोल संपत जातो तसा नेलपॉलिशचा वास तीन ते सहा आठवड्यांत बराच उतरतो, कारण इथिल अ‍ॅसिटेट हवेत उडून जाणारं आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला तर चालू द्या. कमी झाला असेल तर अल्कोहोल केव्हाच संपलाय आणि बॅक्टेरिया आता तयार अ‍ॅसिडच खाऊन त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करताहेत. तसं असेल तर त्याच दिवशी काठोकाठ बाटल्यांत भरून बूच लावा. चार टक्क्यांच्या खालचं व्हिनेगर कोशिंबिरीत, चटणीत घाला. लोणच्याला किंवा कांदा मुरवायला अजिबात नको, तिथे निदान पाच टक्के हवं. तिथे टिकवण्याचं काम त्या अ‍ॅसिडचंच असतं.

पुढच्या हंगामाबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. दोन्ही टप्पे वेगळे केले की मधल्या काळात तुमच्या भांड्यात असते ती वाइनच. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे दारू तयार करायला परवाना लागतो, विकायची नसली तरी. तेव्हा द्राक्षापासून सुरुवात करायची असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नाशिक कार्यालयात विचारा. ते नको असेल तर परवानाधारक वायनरीची कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन आणून थेट दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करता येतं. फक्त तिच्यात बॅक्टेरियाला दाबणारं सल्फाइट असतं, म्हणून रुंद भांड्यात ओतून, वरचेवर ढवळत एक दिवस उघडी ठेवा.

आता द्राक्षं. जंगली यीस्टवर काम करायचं तर माल कुठून येतो याला फार महत्त्व आहे. बॉक्समध्ये पॅक झालेली द्राक्षं घेऊ नका. त्या बॉक्समध्ये ग्रेप गार्डचा कागद असतो, तो सल्फर डायऑक्साइड सोडतो. द्राक्षं टिकावीत म्हणूनच तो ठेवतात, पण त्याने सालीवरचं यीस्टही मरतं. बागेतून क्रेटमध्ये आलेला माल घ्या. बागायतदाराला दोन गोष्टी जरूर विचारा: शेवटची फवारणी कधीची, आणि भुरीसाठी गंधक कधी मारलं. गंधकाचा अंश रसात आला की यीस्ट त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतं आणि अख्ख्या भांड्याला सडक्या अंड्याचा वास लागतो. काढणीआधी महिनाभर गंधक नसेल तर निर्धास्त घ्या.

धुवायचं की नाही, यावर खूप वाद होतात. माझं उत्तर: खायच्या द्राक्षावर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा धुवाच, पण वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट. सोडा, मीठ, पोटॅशियम परमँगनेट यांत भिजवत ठेवू नका. सालीवरच्या मेणचट पांढऱ्या थरात यीस्ट चिकटून असतं, ते एवढ्याने सगळं जात नाही. फुटलेले, क्रॅकिंग झालेले, चिकट मणी मात्र हाताने वेगळे काढा. अवकाळी पावसानंतर स्वस्तात मिळणाऱ्या मालात हे फार असतात आणि त्यांच्यावर अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया आधीच वस्तीला आलेले असतात. व्हिनेगरच तर करायचंय, मग काय बिघडलं, असं वाटेल. पण ते लवकर आले की काय होतं, हे तुमच्या बरणीने दाखवलंच आहे.

थॉम्सन, सोनाका, शरद, कोणतीही चालतात. १८ ब्रिक्सच्या वरची हवीत, आणि ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बहुतेक बागायतदारांकडे असतो. आंबवण सुरू झाल्यावर मात्र तो वापरू नका. रसात अल्कोहोल आला की त्याचा आकडा खोटा, जास्तच दाखवतो. तिथून पुढे हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजणारी तरंगती नळी.

सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी ती विरजणावर. दहा किलो एकदम चुरून नशिबावर सोडायची नाहीत. पाच-सहा दिवस आधी तीन वेगवेगळ्या बागांतले किंवा निदान तीन वेगळ्या ओळींतले अर्धा-अर्धा किलो घड आणा आणि तीन काचेच्या बरण्यांत वेगवेगळे चुरा. झाकण सैल ठेवा, दिवसातून दोनदा हलवा. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकीचा वास घ्या. एकीला पावाच्या पिठासारखा, पिकल्या फळासारखा वास येईल आणि फेस जोरात असेल. एकीला नेलपॉलिशचा किंवा फेव्हिकॉलसारखा झोंबरा वास येईल. एखादी नुसतीच मंद पडून राहील. झोंबरी आणि मंद बरणी बिनदिक्कत ओतून द्या, कितीही जीव हळहळला तरी. जी चांगली तिला पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चालू द्या. तोवर तिच्यातला अल्कोहोल चढलेला असतो आणि आत सॅकरोमायसिस वरचढ झालेलं असतं. हे अर्धा लिटर विरजण मुख्य रसात घातलं की हॅन्सेनियास्पोराला पहिले तीन दिवस मोकळं रान मिळत नाही. यीस्ट तुमच्या बागेचंच राहतं, फक्त त्यातलं कोणतं हवं ते तुम्ही निवडलेलं असतं.

एवढ्यावरही धास्ती वाटत असेल तर विरजण घालण्याआधी एक दिवस दहा लिटर रसात अर्धा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, विरघळवा. त्याने लिटरला साधारण २८ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतं. हॅन्सेनियास्पोरा आणि बॅक्टेरिया त्याला लवकर दबतात, सॅकरोमायसिस बऱ्यापैकी सोसतं. अर्धा ग्रॅम सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावरच मोजा, चमच्याने अंदाज नको. विरजण चांगलं जमलं असेल तर मी हे घालत नाही.

मग मुख्य काम. देठ काढून मणी हाताने चुरा. मिक्सरला लावू नका, बी असलेली द्राक्षं असतील तर बिया फुटून कडवटपणा येतो. फूड ग्रेड प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात भरा, वरचा चौथा भाग रिकामा सोडा. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड वर्ज्य. आजीची चिनी मातीची बरणीही नको, कारण जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि अ‍ॅसिड ते ओढून घेतं. पाणी अजिबात घालायचं नाही. चोथा वर तरंगतो, तो दिवसातून दोनदा लाकडी डावाने खाली दाबा, कोरडा राहिला तर तिथेच बॅक्टेरिया धरतात. चौथ्या दिवशी मलमलीतून पिळून रस अरुंद तोंडाच्या काचेच्या बुधल्यात भरा. झाकणाला भोक पाडून सिलिकॉनची नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. आतला वायू बुडबुड्यांनी निघून जातो, बाहेरची हवा आत येत नाही. नळीशिवाय झाकण घट्ट लावलं तर बुधला फुटतो.

तापमान २० ते २८ अंशांत ठेवायला बघा. फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा नाशिकला त्यासाठी उत्तम. जानेवारीत निफाडकडे रात्री इतकी थंडी पडते की यीस्ट झोपून जातं, तेव्हा बुधला घोंगडीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवावा लागतो. मार्च सरताना दुपारी ३५च्या वर जायला लागलं की परातीत पाणी घालून त्यात बुधला ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. दहा ते चौदा दिवसांत बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटर १.००० किंवा त्याखाली आला आणि जिभेला गोडी लागत नाही, म्हणजे साखर संपली. यात घाई करू नका. गोडी उरलेली असताना पुढे गेलात तर पुन्हा यंदासारखंच होईल. आणखी आठवडाभर तसंच राहू द्या, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ नळीने काढून घ्या.

आता पाणी आणि हवा, दोन्हींची वेळ आली. १८ ब्रिक्सच्या रसातून सुमारे दहा टक्के अल्कोहोल झालेला असतो. तेवढ्यात बॅक्टेरिया जड चालतात, त्यांना सहा-सात टक्के मानवतं. म्हणून सहा लिटर निवळ, दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि दोन लिटर पाच टक्क्यांचं जिवंत व्हिनेगर असं मिसळा. नळाचं पाणी तसंच नको, त्यातलं क्लोरीन बॅक्टेरियाला मारक. या मिश्रणात अल्कोहोल सहा टक्के असतो आणि सुरुवातीपासून एक टक्का अ‍ॅसिड. तो एक टक्का महत्त्वाचा: त्यामुळेच काम यीस्ट आणि बुरशी वर धरत नाहीत. शेवटी साडेपाच ते सहा टक्के अ‍ॅसिड हाती यायला हरकत नाही.

भांडं रुंद तोंडाचं हवं आणि मिश्रणाची खोली वीतभरच. बॅक्टेरिया पृष्ठभागावर काम करतात, खोल उंच बरणीत तेच काम दुप्पट वेळ घेतं. तोंडाला चौपदरी मलमल आणि वरून घट्ट इलॅस्टिक. नुसती जाळी पुरत नाही, चिलटं तिच्यातून आत जातात आणि अंडी घालतात. आठ-दहा दिवसांत वर पातळ तलम पडदा धरेल. त्यानंतर भांडं हलवू नका, ढवळू नका, रोज फडकं उघडून बघू नका. पडदा बुडाला तर वर नवा धरतो, पण तेवढे दिवस वाया जातात. चाचणीसाठी नमुना काढायचा तर पडद्याच्या कडेने नळी खाली सोडून काढा. साधारण दीड ते तीन महिने लागतात. नेमके किती, हे खोलीच्या तापमानावर आणि भांड्याच्या रुंदीवर अवलंबून आहे, म्हणून तारखेकडे बघू नका, दर पंधरा दिवसांच्या आकड्याकडे बघा. लागोपाठ दोन वेळा आकडा तोच आला की काम झालं.

म्हणजे यंदाच्या आणि पुढच्या वर्षीच्या पद्धतीत मोठे फरक चारच: निवडलेलं विरजण, पहिल्या टप्प्यात पाणी नाही आणि हवा नाही, साखर पूर्ण संपल्यावरच फडकं, आणि गच्चीऐवजी खालची खोली.

झालेलं व्हिनेगर मलमलीतून आणि नंतर कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. बाटल्या काठोकाठ भरा, वर हवा राहिली तर बॅक्टेरिया पुन्हा कामाला लागतात. वर्षभर ठेवायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात बाटल्या उभ्या करा आणि आतलं व्हिनेगर ६५ अंशांवर दहा मिनिटं राहील असं तापवा, मग बूच लावा. थर्मामीटर बाटलीच्या आत हवा, पातेल्यातल्या पाण्यात नाही. कधी विकायचा विचार झाला तर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के लागतं आणि परवाना किंवा नोंदणी वेगळी. ताजं व्हिनेगर टोकदार लागतं, बंद बाटलीत तीन-चार महिन्यांत गोलाई येते.

यातलं दोन लिटर मात्र तापवू नका. मदरच्या एका तुकड्यासह रुंद बरणीत, मलमल बांधून, स्वयंपाकघराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पुढची द्राक्षं यायला सात-आठ महिने असतात, तोवर ते जिवंत राहायला हवं. दर दीड-दोन महिन्यांनी पाव लिटर काढून वापरा आणि त्याच्या जागी तेवढंच मिश्रण घाला, अर्धी कोरडी वाइन आणि अर्धं उकळून गार केलेलं पाणी, नळीने पडद्याखाली हळूच सोडून. फेब्रुवारीत हेच दोन लिटर घालाल तेव्हा सफरचंदाच्या विकतच्या व्हिनेगरची गरज राहणार नाही.